बाहेर उघडणारं दार

२ मार्च

बाबा,

फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तरी माझं ‘हॅलो’ ऐकून ठेवून देता. म्हणून कागद. कागद तुमच्याने फेकवत नाही. खिळ्यांची पुडी ज्या वर्तमानपत्रात बांधून येते तेसुद्धा तुम्ही मांडीवर सरळ करून वाचता आणि मग खिळे कुठे सांडले ते हुडकत बसता. तेव्हा हे वाचालच.

आधी माझं सांगते. बरी आहे. रंगाऱ्यांची टोळी सोडली. मुकादम म्हणाला, “हात चांगला आहे तुझा, पण अर्धी भिंत झाली की खिडकीतून बाहेर बघायला लागतेस.” मी म्हटलं, मग खिडक्या ठेवता कशाला? तिथे आमचं फाटलं. त्याआधी रोपवाटिका, त्याआधी बोटीची तिकीटखिडकी, आणि सगळ्यांच्या आधी अकरावी. सगळं अर्ध्यात. तुम्ही म्हणायचात ना, या भिंगरीला बसेल अशी चौकट अजून कुणी केलेली नाही.

आता एका केंद्रात आहे. इथे पूर्वी बुटांचं दुकान होतं. दुकानवाले गेले, पण घोट्याच्या उंचीवर लावलेले आरसे राहिले. त्यामुळे आत येणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही, नुसते पाय दिसतात. एका परीने बरंच आहे. इथे येणारी माणसं तोंड दाखवायला अवघडलेली असतात. नशा करणारी माणसं, बाबा. सरळच लिहिते. इथे त्यांना नवीन सुया देतात, वापरलेल्या पिवळ्या डब्यात परत घेतात, जखमा धुतात, चहा देतात आणि ज्यांचं नशेची तलफ शमवणारं औषध सुरू आहे त्यांना रोज सकाळी काचेच्या खिडकीतून ते पाजतात.

पहिल्याच दिवशी मी सिस्टरना विचारलं, “सुया तुम्हीच देता? म्हणजे तुम्हीच त्यांना नादाला...”

त्या एकाच्या पायाची पट्टी बदलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी नाही दिली तर तो सोडेल असं वाटतं तुला? दुसऱ्याची उचलेल. नशेच्या जोडीला आणखी एक आजार.”

मी गप्प बसले. आईला सांगू नका, ती विश्वास ठेवणार नाही.

माझं काम कप धुणं आणि भिंती रंगवणं. दाराशी कप्तान असतो, पन्नाशीचा, काडीसारखा. पूर्वी जहाजावर होता म्हणतो. माझा संशय आहे की जहाजावर बटाटे सोलायला होता, पण विचारायची सोय नाही. “ए भिंगरे, तो ब्रश आहे की झाडू?” असं दिवसभर चालू. तोही रोज सकाळी खिडकीतलं औषध घेतो आणि मग दाराशी उभा राहतो. मागे न्हाणीघर आहे, तिथला नियम असा की कडी लावायची नाही. कप्तान अधूनमधून दारावर टकटक करतो, आतून ‘आहे’ असं उत्तर आलं पाहिजे. कुणी बेशुद्ध पडलं तर लगेच कळावं म्हणून. “जहाजावर पण असंच,” म्हणतो. जहाजावर असं काही नसणार.

काय सांगत होते? हां, खिडकी. पुढची खिडकी फुगून अडकली होती, ती इथल्या मिस्त्रीने रंधा मारून बसवली. मिस्त्री म्हणजे इथे येणाऱ्यांतलाच एक. रंधा मागून आणलेला, पातं बोथट. पण धरण्याची तऱ्हा अशी की डावा अंगठा अगदी पुढे, टोकाला टेकवलेला. तसा रंधा धरणारी दोनच माणसं मी आयुष्यात पाहिली आहेत, बाबा. एक आता हे पत्र वाचतंय.

तुमची,
भिंगरी

११ मार्च

बाबा,

आई म्हणाली, पत्र मिळालं, वाचलंत, आणि न बोलता पटाश्यांच्या पेटीत ठेवलंत. पेटीत म्हणजे चांगलंच. रद्दीत नाही.

हो, दादानेच बोलावलं मला. माझा एकटीचाच नंबर होता त्याच्याकडे. आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही पत्र पुरं वाचलं नसतं.

तो बारीक झालाय. पाठ अजून दुखते, थंडीत जास्त. बांधकामाच्या त्या परांचीवरून पडला तेव्हापासूनची. खरं तर सगळं तिथूनच सुरू झालं हे तुम्हालाही माहीत आहे, मला नव्याने सांगायचं नाही. आधी डॉक्टरने दिलेल्या गोळ्या, मग डॉक्टरने बंद केलेल्या गोळ्या, मग बाहेरून आणलेल्या, मग ती पावडर. आपण सगळे घरातच होतो, कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा तुम्ही त्याच्या खोलीला बाहेरून कडी बसवलीत. सुंदर बसवली होती. एक स्क्रू तिरका नाही. आत तो कुडकुडत होता, ओकत होता, आई दाराला टेकून बसली होती, आणि तुम्ही अंगणात उगाचच एक फळी गुळगुळीत करत होतात. मी तेव्हा घरात होते. नंतर नव्हते.

आठवडा गेला, कडी उघडली. सगळ्यांना वाटलं सुटलं. आणि तिसऱ्या दिवशी तो वखारीमागे निळा पडलेला सापडला. तुम्ही म्हणालात, एवढं भोगूनही अक्कल आली नाही. मीही तेच म्हटलं होतं. आता सिस्टरनी समजावलं ते ऐका. आठवडाभर बंद होतं ना, तेवढ्यात शरीर पूर्वीचं माप विसरतं. डोकं विसरत नाही. मग माणूस जुनं माप घेतो आणि नव्या शरीराला ते झेपत नाही. म्हणजे आपण कडी लावून त्याला वाचवत होतो तेव्हाच तो सगळ्यात जास्त धोक्यात होता. कुणाला माहीत होतं?

आता मुद्दा. आई परवा माझ्या फोनवर दादाला म्हणाली की तुम्ही म्हणताय, “ते गोड औषधसुद्धा सोड आणि मग ये. एका नशेची दुसरी करून माझ्या दारात यायचं नाही.”

बाबा, त्या औषधाने तो झिंगत नाही. मी रोज बघते. सकाळी घेतो, तोंड वाकडं करतो (गोड आहे, पण बेकार गोड), आणि कामाला लागतो. वर्षभरात सुईला हात लावलेला नाही. इथल्या दोन बाकांचे पाय, कपांची मांडणी, कप्तानची खुर्ची, सगळं त्याने केलंय. कप्तानच्या खुर्चीचा एक पाय मुद्दाम आखूड ठेवलाय, म्हणाला, “समुद्राची आठवण राहील.” तुमचाच मुलगा.

आणि एक विनंती. तो शब्द. तुम्ही त्याला ज्या शब्दाने हाक मारता तो इथे या भिंतींच्या आत कुणी बोलत नाही. बोललं तर सिस्टर म्हणतात, “असं कुणी इथे येत नाही. इथे माणसं येतात, काम सांगा.” मीही पूर्वी तो शब्द सहज वापरायचे, रस्त्यात कुणी झुकांड्या खाताना दिसला की. आता जीभ अडते. शेजाऱ्यांना तुम्ही ‘तो बाहेरगावी मोठ्या कामावर आहे’ असं सांगता, ते राहू द्या हवं तर. खोटंही नाही म्हणा.

भिंगरी

१६ मार्च

बाबा,

हे थोडक्यात. मी आणि थोडक्यात, म्हणजे ओळखा.

दादा पाच दिवस खिडकीवर आलेला नाही. औषध एकदम सोडलंय. कुणी मागे लागलं की हसून म्हणतो, “बाबांनी बोलावलंय.”

तुमच्या वाक्यातलं त्याने तेवढंच ऐकलं. ‘ये’.

इतका खूश मी त्याला शाळेत असल्यापासून पाहिला नव्हता. शर्ट गादीखाली घालून घडी पाडतोय. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय, रात्र रात्र पाय झटकतो, पोटात जेवण ठरत नाही, आणि मला विचारतो, आईला अजून कढत चहाच लागतो का. सिस्टर त्याच्या खोलीवर दोनदा जाऊन आल्या. म्हणाल्या, “सोडायचं तर सोडू, पण हळूहळू, महिनोन्‌महिने, आणि तुला हवं म्हणून. कुणाला दाखवायला नको.” तो म्हणाला, “तुम्ही आमच्या बाबांना ओळखत नाही.”

मी ओळखते. म्हणून लिहितेय. तुम्ही त्याला फक्त एवढं म्हणा: औषध घे आणि ये. आईकडे निरोप द्या, शेजारच्या दुकानातून फोन करा, काहीही करा. पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून आईलाही फोन केला, तर तुम्ही वखारीत होतात. तिला म्हटलं सांग, तर ती म्हणते, “मी सांगितलं की त्यांना राग येतो.” येऊ दे की राग. रागाने दार तर निखळणार नाही.

भिंगरी

२२ मार्च

बाबा,

तो जिवंत आहे. हे आधी. आता बसून वाचा.

काल दुपारी मी मागची भिंत रंगवत होते. कप्तानचा आवाज आला, “या मिस्त्रीसाहेब, वाट चुकलात?” दादा होता. तोच शर्ट, खांद्याला पिशवी. संध्याकाळच्या बसने घरी यायला निघाला होता. म्हणाला, “तोंड धुतो नि जातो.” मला हात केला. मी ब्रशनेच हात केला, रंग उडाला, तो हसला.

कप्तानने टकटक केली, उत्तर आलं. पुन्हा केली, आलं नाही. दार ढकललं तर कडी लावलेली. हाक मारली, मी हाक मारली, आतून घोरल्यासारखा आवाज, तोही थांबत थांबत. कप्तानने खांद्याने धक्का दिला, कडी तुटली, पण दार बोटभर सरकून अडलं. ते दार आत उघडतं, बाबा. बुटांचं गोदाम होतं ना ते. आणि आत दादा दारालाच पाठ लावून पडला होता. आम्ही जितकं ढकलत होतो तितकं त्याच्या अंगावर ढकलत होतो.

मला तुम्ही आठवलात. अशा वेळी बिजागरीच्या खिळी ठोकून काढायच्या आणि अख्खं दार बाजूला घ्यायचं. मी हातोडी आणायला धावले, परत आले, आणि बघते तर बिजागऱ्या आतल्या बाजूला. आत उघडणाऱ्या दाराच्या आतच असणार. सुताराच्या मुलीला हे तेव्हा कळलं. मग मी खालची फळी फोडली. फार वाईट फोडली, तुम्ही बघितली असतीत तर ओरडला असतात. त्या भोकातून कप्तान आत घुसला. तेवढा बारीक तोच होता. आतून ओरडला, “ओठ निळे! फवारा!”

सिस्टरनी नाकात मारायचा, नशेचा असर तोडणारा फवारा आत दिला. त्या बाहेरून एकेक सांगत होत्या, मान मागे कर, नाकपुडीत घाल, दाब, आता तोंडाने श्वास दे, छाती वर येते का बघ. मी भोकातून दादाचा एक पाय धरून ठेवला होता. का धरला होता माहीत नाही. त्या पायात नवा मोजा होता.

दुसऱ्या फवाऱ्यानंतर तो ओढून श्वास घेऊन उठला. म्हणजे तसा उठला नाही, डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं आणि पहिलं काय म्हणाला माहीत आहे?

“बस गेली का?”

कप्तान, एवढा तोंडाळ माणूस, भिंतीकडे तोंड करून बसला.

रुग्णवाहिका आली. त्यातला एकजण स्ट्रेचर उघडता उघडता पुटपुटला, “यांना वाचवून उपयोग काय, परत तेच करणार.” कप्तान म्हणाला, “करू दे की. मेला तर सोडणार तरी कोण?” मग दादाला उचलताना त्या माणसाने पाठीखाली नीट हात घातला.

दवाखान्यात रात्री मी विचारलं, “का रे?” म्हणाला, “हात थरथरत होते गं. बाबांसमोर असे हात घेऊन कसा जाणार? म्हटलं एकदाच, थोडंसं. त्यांना नीट दिसायला हवा होतो.” जुनं माप, बाबा. वखारीमागे झालं तेच.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही फळी गुळगुळीत करत होतात तेव्हा रडत होतात, मी बघितलं होतं. तेव्हा वाटलं होतं, भुसा गेला असेल डोळ्यात.

सिस्टर म्हणतात, तो कुठेही जाऊ शकला असता, पण इथेच आला, जिथे कुणीतरी दार वाजवेल. तेवढी जागा त्याने स्वतःला ठेवली होती. कडी लावली ती लाजेने.

औषध पुन्हा सुरू होईल, थोड्यापासून. घरी तो येणार नाही आता. मी विचारणारही नाही.

दाराला सध्या पडदा लावलाय. माझी एक जुनी ओढणी आहे, निळी.

भिंगरी

६ एप्रिल

बाबा,

न सांगता आलात तसे न सांगता गेलात. सकाळी माळ्यावरून खाली उतरले तर तुमची पिशवी नाही, आणि जमीन झाडलेली. भुशाचा कण ठेवला नाहीत.

तुम्ही आलात तेव्हा मी वर कप आवरत होते. खाली कप्तान त्याच्या नेहमीच्या पद्धतीने विचारत होता, “या काका, सुई की चहा?”

आणि तुमचा आवाज: “बिजागऱ्या.”

माझ्या हातातले दोन कप गेले. नवे घ्यावे लागतील, कप्तान अजून बोलतोय.

सरळ मागे गेलात, ओढणी बाजूला केलीत, मी फोडलेल्या फळीकडे बघितलंत आणि म्हणालात, “हे काय घुशीने केलं?” तेवढ्यात दादा येऊन दाराशी उभा राहिला होता. हात मागे लपवून. मला वाटलं आता काय होतंय. तुम्ही त्याच्याकडे न बघता काटकोन बघायचा गुण्या पुढे केलात. “धर. सरळ धर.”

“हात थरथरतात बाबा.”

“मग चौकटीला टेकवून धर. मी काय हवेत धर म्हटलं?”

बास. मग दुपारभर नुसतं “वर”, “खाली”, “थांब”. मी चहा घेऊन दोनदा आले आणि दोनदा तसाच परत नेला, मधे पडायचा धीर झाला नाही. दार बाहेर उघडावं म्हणून चौकटीची खाच बाहेरून नव्याने मारलीत, जुन्या खाचेत पट्टी बसवलीत. कडी लावलीत ती बाहेरून पटाशीच्या टोकाने फिरवता येईल अशी. दादा म्हणाला, कडीच नको. तुम्ही म्हणालात, “आत बाईमाणूस जाईल. लाज सगळ्यांना असते.” आणि मग, स्क्रू पिळता पिळता, “तुलाही असेल.” हे तुम्ही इतकं हळू म्हणालात की मला ऐकू गेलं हे तुम्हाला कळलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खिडकीच्या रांगेत त्याच्या मागे उभे राहिलात. तो पितो कसा ते बघायला. कप्तान तुम्हाला म्हणाला, “काका, तुमचं नाव नाही यादीत,” तरी हटला नाहीत. दादाने घेतलं, तोंड वाकडं केलं. तुम्ही सिस्टरना विचारलंत, “हे किती दिवस?”

“लागेल तितके.”

“म्हणजे बरा होणार नाही.”

“तुमचा चष्मा किती वर्षांचा?”

“बरीच झाली.”

“डोळे बरे झाले का?”

तुम्हाला राग आला होता, मला दिसलं. कान लाल झाले. पण तुम्ही चष्मा काढून, पुसून, परत लावलात आणि विचारलंत, “आमच्या बाजूला मिळतं का हे?” सिस्टरनी जिल्ह्याच्या दवाखान्याचा पत्ता दिला. तो तुम्ही खिळ्यांच्या पुडीवर लिहून घेतलात. आता तरी ती पुडी जपून ठेवा.

गेलात तेव्हा दादा इथेच बाकावर झोपला होता. तो उठला, मागे गेला, दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. दहा वेळा. आवाज नाही. म्हणाला, “तेल कधी घातलं?” मी म्हटलं, तू झोपलास तेव्हा.

पण खरं सांगते, आत आत मला भीती होती. इथलं दार तुम्ही केलंत, हे परक्याच्या घरी जाऊन केलेलं काम. घरचं काय? ते तुमच्या तोंडून काही आलं नाही, आणि मी विचारलं नाही, आणि दादा तर मेला तरी विचारणार नाही. (हे वाक्य खोडणार होते. राहू दे.)

मग आज आईचा फोन आला. मी म्हटलं काय करतेस, तर म्हणाली, कपाळ चोळतेय. तुमच्यावर जाम चिडली होती. “इथून जायच्या आधीच तुझ्या बाबांनी दादाच्या खोलीचं दार काढून उलटं बसवलं. बाहेरची कडी पण काढली. आता ते बोळात उघडतं, येता-जाता माझं डोकं आपटतं. शेजारीण पण आपटली. ती म्हणाली, भावोजी, म्हातारपणी उलटी दारं कसली बसवता? तर तुझे बाबा काय म्हणाले माहीत आहे?”

मी म्हटलं, काय?

“म्हणाले, मुलगा येणार आहे. आजारी आहे. आत पडला तर दार उघडायला हवं.”

बाबा, दादा बाजूलाच बसला होता. फोन मोठ्या आवाजावर होता. तो कप्तानच्या खुर्चीचा आखूड पाय काढून नवा बसवत होता. बराच वेळ तो नुसता त्या पायाला पॉलिशकागद घासत राहिला.

आम्ही पुढच्या रविवारच्या बसने येतो. दवाखान्याचं पत्र घेऊन. आईला सांगा, बोळात सांभाळून चाल.

भिंगरी